पीएचचा फ

जून संपत आला की आमच्या विरारच्या सोसायटीच्या आवारात मांडव पडतो. दहावी-बारावीच्या मुलांचा गुणगौरव असतो. एक नारळ, एक गुलाबाचं फूल, एक पेन, आणि सफारी घातलेला एक पाहुणा. पाहुणा दरवर्षी वेगळा, भाषण मात्र तेच. "मुलांनो, घोकंपट्टी करू नका. समजून घ्या." लोक टाळ्या वाजवतात. ज्यांनी अख्खं वर्ष घोकून मार्क मिळवले ती पोरंही वाजवतात. यंदा मला राहवलं नाही. शेजारच्या खुर्चीतल्या सावंतवहिनींना मी म्हटलं, "ह्यांना सांगा कोणीतरी, समजून घ्यायला आधी डोक्यात काहीतरी असावं लागतं." वहिनी म्हणाल्या, "हळू बोल गं बाई, माइक चालू आहे." चालू असू दे. ऐकू दे त्यांना.

मी घोकंपट्टीवाली आहे. लपवायचं काय त्यात? माझं जे काही बरं झालं ते घोकून झालं, आणि ते मी कोणाकडून उसनं आणलेलं नाही. पण ही विद्या मी कुठे शिकले हे त्या पाहुण्यांना सांगितलं तर त्यांची सफारी उसवेल. शाळेत नाही, क्लासात तर नाहीच. मी ती शिकले जादूगारांच्या एका खेळात, वसईतल्या वटार गावी, केळीच्या वाडीला लागून असलेल्या एका ओटीवर, दहावीचा शेवटचा पेपर आणि निकाल यांच्या मधल्या सुट्टीत.

ती सुट्टी आता कोणाला मिळत नाही. आता पेपर संपला की लगेच अकरावीचा क्लास सुरू होतो, पोराला श्वास घ्यायची सोय नाही. तेव्हा मार्च सरला की थेट जूनपर्यंत आपल्याला कोणी विचारत नसे. पुस्तकं खालच्या वर्गातल्या कोणाला तरी देऊन टाकलेली. दप्तराचा खिळा भिंतीवर रिकामा. मधल्या बोटावर पेनाचा घट्टा पडलेला असायचा, तो एप्रिलभर हळूहळू मऊ होत जायचा. दुपारी फ्लॅटचा स्लॅब तापायचा, पंखा गरम हवा खाली ढकलायचा, आणि डोकं इतकं मोकळं असायचं की त्याचीच भीती वाटायची.

माझ्या त्या मोकळ्या डोक्यात एकच गोष्ट खुपत होती. मला सायन्सला जायचं होतं. नववीत आमच्या बाईंनी लिंबाच्या रसात निळा लिटमस बुडवला आणि तो लाल झाला. पुन्हा चुन्याच्या निवळीत घातला, पुन्हा निळा. वर्गात सगळे "पुढे काय?" म्हणाले. मी मात्र घरी येऊन जेवले नाही, मला आणखी बघायचं होतं. बाबांचं म्हणणं वेगळं होतं. बाबा मुंबईत एका ऑफिसात क्लार्क, मूळचे मालवणकडचे, कमी बोलणारे. पण ह्या विषयावर बोलले.

"सायन्स सगळं इंग्रजीत असतं गो. सर येणार, फाडफाड बोलणार, तू नुसती तोंडाकडे बघत बसणार. भाऊकाकांचो प्रशांत बघितलंस ना? शाळेत पहिला यायचा. अकरावीत आपटलो." चिडले किंवा घाबरले की बाबांच्या बोलण्यात मालवणी शिरायची. त्यावरून मला कळलं की ते चिडलेले नाहीत, घाबरलेत. "आर्ट्स कर, डी.एड. कर, मास्तरीण हो. मान असता."

आई भाजी निवडत होती. ती म्हणाली, "निकाल तरी लागू दे." निकालाची मला भीती नव्हती. बाबांच्या मनातलं मराठी मीडियम ही माझी भीती होती.

बेनीटा माझ्या वर्गातली, वटारची. तिच्या घरी ख्रिस्ती घरांत असतो तसा अंगणात क्रूस, ओटीवर लाकडी बाक, मागे विहीर आणि पंपाचा सतत चाललेला आवाज. घरात ती लोकं आपल्या बोलीत बोलायची, माझ्याकडे वळली की शाळेतल्या मराठीत यायची. विरारहून एसटीने मी दुपारी पोचायचे, तर तिची आई दारातच म्हणायची, "उन्हातनं आलीस, आधी पानी पी." मागच्या अंगणात सुकेळी, म्हणजे सोललेली केळी, वाळत घातलेली असायची, त्यांचा गोड, जरासा आंबूस वास सगळ्या ओटीवर पसरलेला. आजही कुठे सुकेळीचं पान उघडलं की मला इंग्रजी स्पेलिंगं आठवतात. लोकांना काय काय आठवतं, मला हे.

खेळ आणला बेनीटाच्या मोठ्या भावाने, विल्सनदादाने. म्हणजे आणला त्यांच्या दुबईच्या मावसभावाने, रायनने. मागच्या एका सुट्टीत तो त्या खेळाचं जाडजूड, कव्हर निघालेलं इंग्रजी पुस्तक इथेच टाकून गेला होता. विल्सनदादा सातिवलीला बाटल्यांची झाकणं बनवणाऱ्या एका युनिटात होता. पहिली पाळी करून यायचा, आंघोळ करायचा आणि पुस्तक उघडून बसायचा. खेळात एकजण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात. कोण लढवय्या, कोण चोर, कोण जादूगार. पुढे काय होणार ते फासा ठरवतो. त्या फाशाला वीस बाजू असतात म्हणे. वीस बाजूंचा फासा वसईत कुठे मिळणार? पण हाउजी, म्हणजे पिशवीतून नंबर काढायचा तंबोला, तर प्रत्येक घरात. लग्न असो, सण असो, आमच्याकडे हाउजी झाल्याशिवाय जेवण उठत नाही. विल्सनदादाने पिशवीतून एक ते वीस नंबर वेगळे काढले आणि आमचा फासा तयार झाला.

जादूगारांचे पुस्तकात पुष्कळ प्रकार होते. विल्सनदादाने सगळ्यांना मराठी नावं दिली. एकजण गाऊन-वाजवून जादू करतो, तो ब्रास बँडवाला. एकजण झाडा-मातीतून शक्ती घेतो, तो वाडीवाला. बेनीटा म्हणाली, "हा तर आपला पप्पाच. केळीशी बोलतो, आमच्याशी नाही." एकजण सैतानाशी करार करून जादू मिळवतो. त्याच्यावर विल्सनदादाला विचार करावा लागला नाही. "हा बिल्डरला वाडी देणारा," तो म्हणाला. त्या वर्षांत वसईत हे एवढं बोललं की पुरे असायचं.

राहिले तीन. देवाकडे मागून जादू करणारा, त्याचं नाव आपसूकच 'फादर' पडलं. बेनीटाला तेच व्हायचं होतं. मुलगी फादर कशी होणार यावर अर्धी दुपार गेली. शेवटी 'सिस्टर' ठरलं. दुसरा, ज्याच्या रक्तातच जादू असते, ज्याला काही शिकावं लागत नाही. त्याला विल्सनदादाने 'रक्तवाला' म्हटलं. ते पान आम्ही तसंच उलटून टाकलं. आमच्यात कोणाच्या रक्तात काय होतं? बाबांकडून मला कपाळ मिळालं होतं आणि सर्दी. आणि तिसरा, जो पुस्तकातून मंत्र पाठ करतो. तो पाठवाला. ती मी.

आता आमची चूक. आज कोणी हसतं, हसू दे. पुस्तकाच्या प्रत्येक पानावर एक शब्द होता: स्पेल. स्पेल म्हणजे काय हे आम्हा तिघांना पहिलीपासून माहीत. बाई छडी घेऊन उभ्या राहायच्या आणि म्हणायच्या, "स्पेल एलिफंट." स्पेल म्हणजे स्पेलिंग सांगणे. डिक्शनरी घरात होती, पण माहीत असलेला शब्द कोणी डिक्शनरीत बघतं का? अडलो आम्ही 'कास्ट' शब्दाशी. "कास्ट म्हणजे जात," बेनीटा म्हणाली, "फॉर्मवर असते ती." मग 'कास्ट अ स्पेल' म्हणजे जातीचं स्पेलिंग? विल्सनदादाने पान डोळ्यांजवळ नेलं. "ह्याला शेवटी ई नाही. ही जात वेगळी." झालं. नियम ठरला: पाठवाल्याने जादू करायची तर त्या जादूच्या नावाचं इंग्रजी स्पेलिंग, न बघता, न अडखळता, मोठ्याने म्हणायचं. बरोबर आलं तर जादू लागू. एक अक्षर चुकलं तर फुकट.

तुम्ही म्हणाल, सिस्टरला स्पेलिंग नको का? मीही तेच म्हटलं, जीव तोडून भांडले. बेनीटाने माझ्याकडे दयेने बघितलं. "देवाला कशाला स्पेलिंग? आमचा चर्चमधला मिस्सा मराठीत असतो. देवाला मराठी येतं." सिस्टर मराठीत प्रार्थना करायची, मग पिशवीतून नंबर काढायची. मोठा आला तर देवाने ऐकलं, लहान आला तर देव दुसऱ्या कामात.

आणि हळूहळू, एप्रिलच्या त्या लांब दुपारी, मला त्या तिघांमधला फरक कळत गेला. सिस्टर मागू शकते, पण देणं तिच्या हातात नाही. रक्तवाल्याला चार-दोन गोष्टी येतात, पण त्या अशा येतात की झोपेतून उठवलं तरी येतील. त्याने कोणाची मिनतवारी केलेली नाही, म्हणून त्याला स्वतःची किंमतही माहीत नाही. पाठवाल्याचं तसं नाही. त्याचं रक्त कोरडं, देव त्याच्या ओळखीचा नाही. त्याच्याकडे फक्त पुस्तक. पण पुस्तकात जे जे आहे ते सगळं त्याचं होऊ शकतं! जे पाठ झालं ते त्याचं. मधे नशीब नाही, वशिला नाही, हाउजीची पिशवी नाही. मला हे इतकं आवडलं की मी एसटीत खिडकीशी बसून ओठ हलवत यायचे, आणि कंडक्टर मला कोणत्या देवीची भक्त समजायचा कोण जाणे.

मला नडला फ. आपल्याकडे फ एकच. फणसाचा फ. इंग्रजीत दोन, एक एफचा साधा आणि एक पीएचचा. कुठे कोणता, याला काही नियम नाही, कोणी सांगतही नाही. किल्ल्यातल्या भुयारात (विल्सनदादाच्या सगळ्या गोष्टी वसईच्या किल्ल्यातच घडायच्या) मी एकदा भूत बनून भिंतीतून जायला 'फँटम' म्हटलं, एफने सुरुवात केली, आणि भिंतीत नाक आपटून पडले. बेनीटा हसून हसून बाकावरून खाली. त्या संध्याकाळी मी पुस्तकातले पीएचवाले सगळे शब्द शोधून काढले. अर्थ? काही कळत नव्हते. म्हटलं, आधी घरात तर घेऊ. ओळख मागाहून होईल.

मे महिना लागला आणि रायन आला. उंच, केसांना जेल, पायातले बूट काढायला तयार नाही, पण मनाने वाईट नव्हता. आमच्याशी मराठीत बोलायचा, मधेच इंग्रजीत सटकायचा, आणि ते इंग्रजी असं की जणू त्याच्या तोंडात राहायलाच आलंय. तो ओटीवर बसला, आमचा खेळ बघितला. मी 'शील्ड'चं स्पेलिंग म्हटलं. विल्सनदादा म्हणाला, "बरोबर, ढाल आली." रायनने विचारलं, "ती अक्षरं का सांगतेय?" बेनीटाने नियम समजावला.

तो हसला. साधं नाही, पोट धरून, भिंतीला टेकून. "अरे यार! स्पेल म्हणजे मंत्र! मॅजिक! स्पेलिंग नाही! तुम्ही पूर्ण खेळ स्पेलिंग टेस्ट करून टाकला!" त्याने विल्सनदादाच्या हातातून पुस्तक घेतलं, पहिल्या पानांवरचा एक उतारा वाचला, मराठीत अर्थ सांगितला. तो खरं बोलत होता. माझे कान तापले. विल्सनदादा हाउजीची पिशवी हातात घेऊन खाली बघत बसला. रोज पाळी करून येऊन आमच्यासाठी एवढं वाचणारा माणूस, आणि त्याच्याच ओटीवर त्याचं तोंड एवढंसं झालं. मला स्वतःपेक्षा त्याचा राग जास्त आला, म्हणजे त्याच्यासाठी राग आला.

"ठीक आहे," विल्सनदादा म्हणाला, "आता बरोबर खेळू."

"नाही," मी म्हटलं.

"काय नाही?"

"आमचा नियम राहणार. तुमच्याकडे असेल मंत्र. वटारला स्पेल म्हणजे स्पेलिंग."

रायनने मला समजवायचा प्रयत्न केला, तेही चांगुलपणाने. "पण हा रट्टा आहे ना? तुला त्या वर्डचा मीनिंग तरी माहितीये? आणि हे बघ, इथे लिहिलंय, पाठवाला एकदा मंत्र बोलला की विसरतो. पुसून जातो. रट्टा असाच असतो. एक्झाम झाली की खलास."

"पुढे काय लिहिलंय?"

त्याने वाचलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पाठवाला पुन्हा पुस्तक उघडतो आणि पुन्हा पाठ करतो.

"मग?" मी म्हटलं. "विसरतो, तर परत करतो. रोज सकाळी करतो. तुझ्या रक्तातलं तुला फुकट मिळालं, मला रोज उठून मिळवावं लागतं. ह्यात हसण्यासारखं काय आहे ते मला सांग ना!" आवाज चढला होता माझा. आतून बेनीटाची आई डोकावून गेली.

बेनीटाने मिटवलं. "रायन, तू रक्तवाला हो. ते पान रिकामंच आहे. तुला स्पेलिंग नको. बस खाली."

तो बसला. त्या दिवशी विल्सनदादा चिडलेला होता हे मला गोष्टीवरून कळलं. त्याने आम्हाला सरळ भुयारात नेलं, मागचा दरवाजा बंद केला आणि समुद्राचं पाणी आत सोडलं. घोट्यापर्यंत, गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत. पुढे लोखंडी जाळी, त्यातून फक्त मासा जाऊ शकेल. रायनला जाळ फेकता यायचा. जाळाचा गोळा, जाळाची भिंत, जाळाचा बाण. त्याच्या रक्तात सगळा जाळच होता. पाण्यात त्याचा काय उपयोग? पाणी छातीला लागलं. सिस्टर बेनीटाने डोळे मिटून मनापासून प्रार्थना केली, पिशवीत हात घातला, आणि दोन निघाला. देव दुसऱ्या कामात.

"पाणी गळ्याशी आलं," विल्सनदादा म्हणाला. "पाठवाली, बोल. आणि कोणी मदत केली तर तिघंही बुडाली. परीक्षेचा नियम."

रूप पालटायचा मंत्र एकच होता. मेटामॉर्फोसिस. सगळ्यांचे मासे झाले असते. मी तो पाठ केला होता, पण वर्गात, म्हणजे ओटीवर, कधी म्हटला नव्हता.

"एम," मी म्हटलं. "ई. टी. ए."

पंप बंद पडला होता की मला ऐकू येत नव्हता, देव जाणे. बेनीटाचे हात अजून जोडलेलेच.

"एम. ओ. आर."

आणि समोर तो फ. रायनने पुढे वाकून स्वतःच्या तोंडावर हात दाबून धरला होता. त्याचे डोळे मोठे झाले होते. हसत होता म्हणता म्हणता तो आमच्या पाण्यात गळ्यापर्यंत उभा होता. माझ्या जिभेवर एफ आला. मी तो गिळला.

"पी," मी म्हटलं. "एच. ओ. एस. आय. एस."

विल्सनदादाने पानावर बोट ठेवून एकेक अक्षर तपासलं, मुद्दाम सावकाश. "जाळीतून तीन मासे बाहेर पडले," तो म्हणाला. रायन "येस!" म्हणून असा ओरडला की अंगणातली कोंबडी उडाली. त्याने माझ्या पाठीत धपाटा घातला आणि मग एकदम विल्सनदादाला म्हणाला, "मला पण पाठवाला करा ना." बेनीटा म्हणाली, "आता काय उपयोग? रक्तात आली ती आली."

तेव्हा मला दिसलं की पायरीशी बाबा उभे आहेत. रविवार होता. आगाशीला कोणाकडे तरी आले होते, मला घेऊन जायला वाकडी वाट केली होती. एका हातात केळ्यांची फणी, दुसऱ्या हातात चप्पल, कारण ओटी सारवलेली होती. कधीपासून उभे होते कोण जाणे. बेनीटाच्या आईने त्यांना पाणी दिलं, सुकेळी दिली, त्यांनी ती खाल्ली.

एसटीच्या थांब्यापर्यंतचा रस्ता वाड्यांमधून जायचा. दोन्ही बाजूंना केळी, पाटातून पाणी चाललेलं, मधेच मोगऱ्याचा एक तुकडा. बाबा पुढे, मी मागे. एक पाट ओलांडल्यावर त्यांनी विचारलं, "तो दुबईचा मुलगा. तुका हसत होतो काय?"

"हो."

"कित्याक?"

मी सगळं सांगितलं. स्पेल, स्पेलिंग, आमची चूक. लपवलं नाही काही.

"मग चूक कळल्यावर तू काय म्हटलंस?"

"नियम बदलणार नाही म्हटलं."

बाबा थांबले. केळ्यांची फणी ह्या हातातून त्या हातात घेतली. त्यांच्या ऑफिसात सगळा पत्रव्यवहार इंग्रजीत चालायचा आणि ते त्यातली ठरलेली वाक्यं जुन्या फाइलीत बघून लिहायचे, हे मला माहीत होतं. साहेबापुढे "येस सर, नोटेड सर" याच्या पलीकडे जायचं नाही, हेही. ते म्हणाले, "तू बोलत होतीस तेव्हा मी पण मनात म्हणत होतो. एम, ई, टी." आणि मग, माझ्याकडे न बघता, "मी एफ धरला होता गो. तू पीएच म्हणालीस."

बोलायचं होतं ते पुष्कळ होतं, महिनाभर पाठ करून ठेवलं होतं, प्रशांतचं उत्तरसुद्धा तयार होतं. पण त्या रस्त्यावर त्यातलं काही लागलं नाही.

"तोंडाकडे बघत बसू नको म्हणजे झालं," बाबा म्हणाले. "प्रश्न विचार. नाही कळलं तर पाठ कर. चल, एसटी येतली."

निकाल लागला, आणि बाबा स्वतः रांगेत उभे राहून सायन्सचा अर्ज घेऊन आले. भाऊकाकांनी फोन करून सांगितलं, "मुलीच्या आयुष्याशी खेळतोयस." बाबा म्हणाले, "खेळतेय तीच." आणि फोन ठेवला. त्यांचं आयुष्यातलं हे सगळ्यात उद्धट वाक्य असावं. मला ते फार आवडतं.

आता खरं सांगते, कारण त्या पाहुण्यांसारखं गोड बोलायचं मला जमत नाही. अकरावीचे पहिले महिने मला काही म्हणजे काही कळलं नाही. सर आले, फाडफाड बोलले, आणि मी तोंडाकडे बघत बसले, बाबा म्हणाले होते अगदी तशी. इंग्रजी मीडियमची मुलं सरांच्या विनोदाला हसायची, मी त्यांच्या मागून हसायचे. पहिल्या चाचणीत मी आपटले. घरी सांगितलं. बाबा म्हणाले, "बरं." दुसऱ्या दिवशी पहाटे उठले तर स्वयंपाकघरातला दिवा लागलेला, स्टोव्हवर चहा, आणि टेबलावर माझं पुस्तक उघडून ठेवलेलं. रात्री विसरलं होतं ते सकाळी परत पाठ केलं. त्या दिवशी, त्याच्या दुसऱ्या दिवशी, आणि मग रोज. अर्थ मागाहून आला. एकेक करून आला, कधी महिन्याने, कधी वर्षाने, पण आला तेव्हा त्याला बसायला जागा होती. ज्यांच्या घरात भाषा आधीपासून नांदते त्यांनी खुशाल समजून घ्यावं. आमच्या घरात ती नव्हती. आम्ही तिला अक्षर अक्षर उचलून आणली, आणि वर आम्हालाच ऐकवता, घोकू नका? का नको? मग काय करायचं होतं आम्ही, रक्त बदलून घ्यायचं होतं?

बेनीटा नर्स झाली, बाहेरदेशी असते. तिथल्या इंग्रजी मिस्सात बसते आणि मनात मराठीत मागते, असं तिनेच मला सांगितलं. वटारच्या त्या ओटीवर विल्सनदादाची मुलं आता कॅरम खेळतात. वाडी मात्र त्याने दिली नाही, कितीजण विचारून गेले तरी. मी सातिवलीत एका औषधांच्या युनिटच्या लॅबमध्ये आहे. आमच्याकडे नवीन मुलं येतात, त्यातली मराठी मीडियमची मला लांबून ओळखू येतात. ती बाटलीवरचं नाव वाचताना ओठ हलवतात. मी त्यांना हलवू देते.

पण मला सांगायचं होतं ते अकरावीतलंच आहे. चाचणीत आपटले त्यानंतरची गोष्ट, कॉलेजच्या लॅबमधली. सरांनी फळ्यावर एक शब्द लिहिला, लगेच पुसला आणि म्हणाले, ह्या फिनॉल्फथॅलीनचे दोन थेंब फ्लास्कमध्ये टाका. वर्गात एकच कुजबुज झाली, कारण कोणाला तो नीट लिहून घेताच आला नव्हता. मला तो आला होता. आदल्या पहाटे टेबलाशी बसून मी तो पाठ केला होता, त्यात दोन-दोन पीएच आहेत म्हणून तो मला आवडलासुद्धा होता. त्याचा अर्थ मला माहीत नव्हता. फ्लास्कमध्ये पाण्यासारखं स्वच्छ आम्ल होतं. दोन थेंब टाकले, काही झालं नाही. रंग येईपर्यंत वरच्या नळीतून एकेक थेंब आम्लारी सोडायचं होतं, तेही पाण्यासारखं. शेजारची मुलगी म्हणाली, "नथिंग इज हॅपनिंग." मी नळीची चावी दोन बोटांत धरली, आणि कोणी ऐकतंय का हे न बघता, वटारच्या ओटीवर म्हणायचे तशी म्हणायला लागले, थेंबागणिक एक अक्षर. पी. एच. ई. एन. ओ. एल. पी. एच. टी. एच. ए. एल. ई. आय.

"एन," मी म्हटलं, आणि पाणी गुलाबी झालं.